उपकार माना

उपासना संपली, पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला, चर्चच्या दारात एकमेकांचे हात हातात घेऊन नाताळच्या शुभेच्छांचा गलका सुरू झाला, आणि नेमका तेव्हाच रजनीच्या पर्समधला फोन थरथरला. फोन सौसरहून, तिच्या थोरल्या भावाचा, गुणवंताचा. गुणवंता कधी फोन करत नसे. कोणी गेलं किंवा कोणाचं लग्न ठरलं तर त्याची बायको करायची. रजनी गर्दीतून बाजूला झाली. “रजे, अश्विनीनं डोक्स खाल्लं माह्यं,” तो म्हणाला. अश्विनी त्याची मुलगी, नागपुरात नोकरीला. “आमी दोघं जेवाले येऊन राहिलो. आज गुरुवार हाय, मले मटण नोको वाढजो.” एवढं बोलून त्यानं फोन ठेवलासुद्धा. रजनी फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. आधी आनंद झाला, अगदी पोरीबाळींना होतो तसा, नाचरा. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर, गेल्या सत्तावीस वर्षांत, माहेरचं माणूस नाताळला तिच्या दारात आलं नव्हतं. आणि त्या आनंदाची ऊब अंगभर पसरायच्या आतच तिला पुढचं आठवलं. आज पंगतीत गुणवंता असणार. आणि गोड वाढायच्या आधी, दरवर्षीसारखे, उपकार होणार.

चर्चपासून घर हाकेच्या अंतरावर, पण नाताळच्या दिवशी ते अंतर संपता संपत नसे. तिचा नवरा अरविंद रिटायर्ड मास्तर, अर्धं पांढुर्णा गाव त्याच्या हाताखालून गेलेलं. दर दोन दुकानांमागे कोणीतरी ‘सर, बडा दिन मुबारक’ म्हणून त्याला अडवी आणि तोही सावकाश घरच्यांची चौकशी करत बसे. रजनी त्याच्या बाजूला उभी राहून हसत होती, मान हलवत होती, आणि आत मात्र तो एकच शब्द उलटापालटा करत होती. उपकार. उजागऱ्यांच्या घरात, तिच्या सासरी, हा शब्द भाजीपाल्यासारखा रोजचा होता. नाताळला सगळं खानदान गोळा होई, नागपूरचे, बैतूलचे, छिंदवाड्याचे. अंगणात सतरंज्या पडत, पंगत बसे. बांबूच्या कामट्यांची आणि पतंगाच्या कागदाची चांदणी घरच्या पोरांनीच करायची, विकतची आणायची नाही. ती दरवर्षी थोडी वाकडी होई आणि तिच्यावरून दरवर्षी भांडण होई. प्रत्येक सुनेचा एक पदार्थ ठरलेला. धाकट्या जावेच्या, नलिनीच्या, करंज्या, रजनीची सांबारवडी, इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. लग्नानंतर तिनं ती कोथिंबिरीची वडी पहिल्यांदा तळली तेव्हा नगरकडून या मुलखात सून म्हणून आलेल्या सासूबाईंनी ‘सांबार कुठं आहे यात?’ असं विचारलं होतं. आता ती वडी नसली तर पोरांना नाताळ झाल्यासारखा वाटत नसे. आणि जेवणं आटोपत आली, हात उष्टे असले, बासुंदीचं पातेलं कोपऱ्यात झाकून ठेवलेलं असलं, की उपकार सुरू होत. सगळ्यांत लहान मुलापासून सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापर्यंत प्रत्येकानं वर्षातली एक गोष्ट सांगायची आणि तिच्याबद्दल देवाचे उपकार मानायचे. गोष्ट ठोस पाहिजे. ‘सगळ्याबद्दल उपकार’ असं कोणी म्हटलं तर सासूबाई, मार्थाबाई, त्याला तिथंच धरत. “सगळं म्हणजे काहीच नाही. नीट सांग.” शेवटी त्या स्वतः बोलत, आणि पाहुणा असला तर त्याच्याकडे वळून त्यालाही बोलायला सांगत. मग बासुंदी.

पहिल्या वर्षी तो पाहुणा म्हणजे रजनीचे वडील होते. रघुनाथराव. सौसरजवळ त्यांचा संत्र्याचा बगीचा होता आणि नाकावर माशी बसू न देण्याचा स्वभाव होता. शेजाऱ्याची शिडी आणली तर ती त्याच संध्याकाळी परत जाई, वर टोपलंभर संत्री घेऊन. ‘आपल्याले कोनाचे उपकार नोको’ हे त्यांचं बोलणं रजनीनं इतक्यांदा ऐकलं होतं की लहानपणी तिला उपकार म्हणजे अंगावर उठणारं काहीतरी, खरूज किंवा नायटा, असं वाटे. पुढे ती रामाकोन्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली, तिथं अरविंद भेटला, आणि दोघांनी छिंदवाड्याला जाऊन रजिस्टर लग्न केलं. रघुनाथराव ओरडले नाहीत. त्यांनी जेवण सोडलं नाही, दारं आपटली नाहीत, नुसते गप्प झाले. त्या गप्प बसण्याची रजनीला जास्त भीती वाटली. अरविंद तेव्हा तरुण आणि आशावादी. तो एकटाच सौसरला गेला, दोन तास ओट्यावर बसला, आणि नाताळचं आमंत्रण देऊन आला. कसं कोण जाणे, रघुनाथराव आले. इस्त्रीचा सदरा, टोपी, हातात फळांची पिशवी. पंगतीत बसले, निमूटपणे जेवले. मग उपकार सुरू झाले. कोणी परीक्षेबद्दल, कोणी दुखणं बरं झाल्याबद्दल, एकामागून एक सगळे तोच शब्द बोलत गेले. रघुनाथरावांचे कान लाल होत गेलेले रजनीला दिसत होते. मार्थाबाईंची पाळी आली. त्या म्हणाल्या, या वर्षी रघुनाथरावांची लेक आमच्या घरी आली. म्हणाल्या ते मनापासून, तोंड भरून. आणि मग पाहुण्यांकडे वळून, तितक्याच मायेनं, “पाहुणे, आता तुम्ही उपकार माना.”

रघुनाथराव उठले. सगळ्यांना वाटलं हात धुवायला गेले. बासुंदी वाढायची थांबली. नळाचं पाणी थोडा वेळ वाजलं, मग फाटक वाजलं.

त्या दिवशी रजनीनंही तेच ऐकलं होतं जे तिच्या वडिलांनी ऐकलं. तुमची पळून आलेली पोर आम्ही पदरात घेतली, माना उपकार. दुसरा अर्थ असू शकतो हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. ती सासूशी कामापुरतं बोलू लागली, आणि मार्थाबाईंना वाटलं, पोरीला माहेरची आठवण येत असेल. त्या तिच्यासाठी सांडगे तळत, तिच्या केसांना तेल लावायला बोलावत, आणि प्रत्येक मायेबरोबर रजनीचा राग वाढत जाई. जवळजवळ वर्षभर हे चाललं. मग कापणीचा सण आला. चर्चमध्ये पुढे कोहळे, कापसाची बोंडं, ज्वारीची कणसं, संत्री रचून ठेवलेली, आणि पाळकसाहेब उभे राहून साध्या आवाजात म्हणाले, चला, आपण देवाचे उपकार मानू या. सगळं चर्च उठलं. रजनीही उठली आणि उठल्या उठल्या तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम, आणि तिनं तोंडात पदर कोंबला. घरी येऊन तिनं विचारलं, “आई, त्या दिवशी बाबांना तुम्ही कोणाचे उपकार माना म्हणालात?” मार्थाबाई गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर करून सुनेकडे अशी नजर टाकली, जशी ताप आलेल्या माणसाकडे टाकतात. “कोणाचे म्हणजे? देवाचे. आणखी कोणाचे मानतात गं?”

त्यानंतर ती सौसरला गेली होती, सांगायला. रघुनाथराव आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. गुणवंता दारात उभा राहून सगळं ऐकून घेत होता, देवाचे उपकार, चर्चची भाषा, नगरकडची सासू, आणि शेवटी म्हणाला होता, “रजे, हे तू आता बनवून सांगून राहिली.” करोनाच्या दुसऱ्या लाटेत वडील गेले. अर्थ सांगायचा राहिला तो राहिलाच. पण रजनीचं आयुष्य त्या एका ठिकाणी अडून बसलं असं मात्र नाही. खरं सांगायचं तर ती सुखात होती, आणि सुखात आहोत याची तिला पक्की जाणीव होती. उजागऱ्यांच्या गोतावळ्यात ती साखरेसारखी विरघळली. बाप्तिस्म्याचा आग्रह तिला कोणी केला नाही, तिच्या कपाटात शेगावच्या महाराजांचा फोटो आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि नलिनी तर पोरांच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी ‘तुमच्याही फोटोपुढं एक उदबत्ती लावून द्या ना वहिनी’ असं गुपचूप सांगून जाई. माहेरी कोणी कोणाला बरं केलंस म्हणून तोंडानं म्हणत नसत. हातावर काहीतरी ठेवत आणि वळून जात. इथं तिला बोलायला लागलं. सुरुवातीला ती वाक्य आधी पाठ करून ठेवायची. मग हळूहळू डिसेंबर लागला की ती वर्ष चाळायला लागे, यंदा काय सांगावं म्हणून, आणि चाळताना लक्षात येई की सांगण्यासारखं पुष्कळ आहे. ही सवय तिला फार आवडली होती. तिच्या वडिलांना ही सवय लागली असती तर, असं कधीकधी मनात येई आणि मग डोळे भरत.

घराच्या फाटकाशी पोचल्यावर तिनं अरविंदला सांगितलं. तो एवढा खूश झाला की त्याला धड बोलता येईना. “आणि उपकार?” ती म्हणाली. अरविंदचा चेहरा उतरला. नलिनीनं मागून ऐकलंच होतं. तिला कुठलाही पेच पडला की कमरेला पदर खोचायची सवय. “त्यात काय वहिनी? आज आपन उपकार म्हनूच नाई. आभार म्हनू. सगळ्यायले सांगून देतो मी.” आणि तिनं खरंच अंगणात टाळ्या वाजवून फर्मान काढलं. आज कोणी तो शब्द उच्चारायचा नाही, आभार म्हणायचं, जो चुकेल त्याला करंजी नाही. पोरांना खेळच मिळाला. मोठी माणसं तोंडातल्या तोंडात पुटपुटून सराव करू लागली, आणि अरविंदचा पुतण्या योगेश दर पाच मिनिटांनी मुद्दाम ‘उप...’ म्हणून थांबे आणि ‘उपमा, उपमा’ म्हणे. मार्थाबाईंना कोणी सांगितलं नाही. त्या नव्वदीला टेकलेल्या, कानाला मशीन, पण सांगितलं नाही ते त्यासाठी नव्हे. त्यांना मुळात माहीतच नव्हतं. रघुनाथरावांची बस निघून जात होती म्हणून ते घाईनं उठले, एवढंच तेव्हा त्यांना सांगण्यात आलं होतं, आणि पुढे इतक्या वर्षांनी खरं सांगायचा धीर कोणाला झाला नाही. त्यांच्या हातून काय झालं हे कळलं असतं तर त्या म्हातारीनं अन्न सोडलं असतं. मग ठरलं असं की गुणवंताला पंगतीच्या दुसऱ्या टोकाला बसवायचं, आणि आईचं बोलून झालं रे झालं की अरविंदनं पातेलं घेऊन वाढायला सुरुवात करायची. रजनी स्वयंपाकघरात गेली आणि भावासाठी वेगळं वांग्याचं भरीत करायला लागली. भाजताना तिनं वांगं एका बाजूनं करपवलं आणि स्वतःलाच हसली. पन्नाशी उलटली, आणि एका शब्दापायी ही तऱ्हा.

गाडी आली तेव्हा दुपार कलायला लागली होती. अश्विनी उतरली, आत्याच्या गळ्यात पडली. मागून गुणवंता उतरला आणि रजनी पायरीवरच थांबली. लग्नाकार्यात तो दिसे, पण लांबून, गर्दीत. आज उन्हात सरळ समोर उभा, इस्त्रीचा सदरा, कानांच्या पाळ्या तशाच मोठ्या, उभं राहण्याची ढब तशीच. हा बाबांच्या वयाचा कधी झाला? “बडं घर हाय वं तुह्यं,” तो म्हणाला, आणि लगेच गाडीच्या डिकीतून संत्र्यांची पेटी काढायला लागला. अंगणात उन्हाला खुर्ची टाकून मार्थाबाई बसल्या होत्या. त्यांनी हाताची सावली करून पाहिलं. “रघुनाथराव,” त्या म्हणाल्या, “आलात? फार वाट पाहायला लावली. त्या दिवशी गाडी मिळाली होती ना?” आई, हे गुणवंता, असं म्हणायला रजनीनं तोंड उघडलं, पण गुणवंता पेटी हातात धरूनच म्हातारीकडे बघत होता. त्यानं एकदा बहिणीकडे पाहिलं. मग जरा वाकून, मोठ्या आवाजात म्हणाला, “मिळाली होती, माय.”

पंगत बसली. रजनी वाढत होती आणि प्रत्येक फेरीत भावाच्या ताटाकडे बघत होती. तो सावकाश जेवत होता, भरीत त्यानं मागून घेतलं, सांबारवडी तोंडात टाकून ‘आईसारखी झाली’ एवढंच म्हणाला. तिला बरं वाटत होतं. एवढं बरं वाटत होतं की ती योगेशवर खेकसली, पोरांना दटावलं, नलिनीच्या कुठल्याशा बोलण्यावर मोठमोठ्यानं हसली, आणि हसता हसता सारखी मनात मोजत होती, आता किती जणांनंतर सासूबाईंची पाळी. आभार सुरू झाले. सगळ्यांत धाकटी चिमुरडी नवीन दाताबद्दल आभार म्हणाली. कोणी बदली टळल्याबद्दल. एकजण अर्धा ‘उप’ बोलून जीभ चावून बसला आणि अंगणात खसखस पिकली. योगेश म्हणाला, पोळ्यानंतर दोन गावांची दगडफेक होते ती गोटमार पाहायला गेलो होतो, सावरगावच्या बाजूनं आलेला दगड कानाजवळून गेला, कानाचे आभार. त्याला त्याच्या आईनं तिथंच धपाटा घातला. रजनीनं आपल्या पाळीला आपल्या लेकीचं नाव घेतलं, अश्विनीला खेटून बसलेल्या ऋतुजाचं. ती आणि अश्विनी नागपुरात एका खोलीत राहत होत्या आणि दोघींनी मिळूनच हे घडवून आणलं होतं. “पोरी शहाण्या निघाल्या, त्याबद्दल आभार,” ती म्हणाली. मग एकदम तिच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. आजपर्यंत तो शब्द सगळ्यांच्या तोंडी असायचा, त्यामुळे निदान तो इथला रिवाज आहे असं कोणाला वाटू शकलं असतं. आज सगळ्यांनी आभार म्हटलं. आता म्हातारी जर पाहुण्याकडे वळली, तर सगळ्या पंगतीत तो शब्द एकट्या गुणवंताच्या वाट्याला येणार, नेम धरून मारल्यासारखा.

मार्थाबाई खुर्चीत सरसावल्या. “आणखी एक नाताळ दाखवलास,” त्या डोळे मिटून म्हणाल्या, “आणि मटण मला अजून चावता येतं. आमेन.” सगळ्यांनी आमेन म्हटलं. अरविंद पातेलं उचलून ठरल्याप्रमाणे लगबगीनं निघाला. “थांब रे,” मार्थाबाई म्हणाल्या, “पाहुणे राहिले ना.” आणि लांब, पंगतीच्या त्या टोकाकडे बघून, तितक्याच मायेनं, “पाहुणे, आता तुम्ही उपकार माना.”

अरविंद पातेलं धरून जिथल्या तिथं उभा. रजनीला भावाचे कान दिसत होते. ते लाल झाले होते. त्याची बोटं ताटात होती, त्यानं ती आखडून घेतली, एक हात गुडघ्यावर टेकवला, आणि रजनीला वाटलं, उठला. वर्षानुवर्षं तयार असलेलं सगळं तिच्या जिभेवर आलं, भाऊ, ते देवाचे, ते चर्चच्या भाषेत असं म्हणतात. पण तो उठला नाही. मांडी बदलून बसला, बाप्पा, नुसता मांडी बदलून बसला.

“मानतो, माय,” गुणवंता म्हणाला.

“कशाबद्दल?” मार्थाबाईंनी कानामागे हात धरला. “नुसतं मानतो चालत नाही आमच्यात. नीट सांगा.”

“आमच्या घरी हे पोरगी ताटावर बसून कदी हासली नाई,” तो म्हणाला. “बाबाच्या पुढं आमी कोनीच हासत नव्हतो. मघापासून पाहून राहिलो मी. इथं हे हासते. लोकायले रागावते, अन् लोक आयकून घेतात तिचं. तुमी सांभाळलं तिले. तुमचे उपकारच हायेत आमच्यावर.”

“आमेन,” मार्थाबाई समाधानानं म्हणाल्या. मग सगळ्या अंगणानं आमेन म्हटलं, इतक्या मोठ्यानं की अश्विनी दचकली. रजनी पंगतीच्या मधोमध वाढणीची पळी घेऊन उभी होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तिला ते पुसायचं सुचत नव्हतं. आपला भाऊ आपल्याकडे इतकं बघत होता हे तिला माहीत नव्हतं. अश्विनीनं तिचा पदर ओढून तिला खाली वाकवलं.

“आत्या,” ती कानात कुजबुजली, “ऋतुजानं मले सांगितलं होतं. त्या आजी देवाचे म्हणून राहिल्या होत्या ना? बाबाले समजलंच नाई. सांगू का?”

“नोको सांगू वं,” रजनी म्हणाली. “बराबर आयकलं तुह्या बाबानं.”